खेळातले संगीत कोठे अडते?

बुलढाण्याहून मलकापूरकडे निघालेला रस्ता राजूरचा घाट उतरून मोताळ्यास येतो. या तालुक्यात नळगंगा नदीवर मातीचे धरण आहे. धरणाचे पाणी आधी कालव्यात येते, कालव्यातून त्याच्या फाट्यांत, फाट्यांतून चारीत आणि चारीतून शेतातल्या दांडात. पाण्याची पाळी असूनही एखाद्या दिवशी शेतात पाणी आले नाही, तर शेतकरी काय करतो? धरण फुटले अशी हाकाटी तो करीत नाही. फावडे खांद्यावर टाकून तो आपल्या दांडापासून चारीच्या काठाकाठाने वर चालू लागतो. कोठे गाळ साचला आहे काय, कोणी मध्येच पाणी वळवून घेतले आहे काय, दार उघडे आहे की नाही, हे पाहत तो जातो. ज्या जागेपर्यंत पाणी पोचले आहे आणि ज्या जागेपासून पुढे ते दिसत नाही, त्या दोहोंच्या मध्येच खोट असली पाहिजे, हे त्यास कोणी शिकवावे लागत नाही.

मोबाइलवरील खेळात मागे वाजणारे संगीत एकाएकी बंद पडले, तर त्याची खोट शोधण्याची रीतही हीच आहे. भेद इतकाच, की पाणी डोळ्यांना दिसते आणि ध्वनीची वाट दिसत नाही. ती आधी समजून घ्यावी लागते.

कोणी वडीलधारे म्हणतील, ‘‘खेळातले संगीत बंद पडले तर बिघडले काय? तेवढाच अभ्यास होईल!’’ हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण गोष्ट संगीतापाशी थांबत नाही. समजा, मोताळ्यातील एका घरी एकच मोबाइल आहे. दिवसा तो वडिलांबरोबर शेतावर असतो आणि संध्याकाळी घटकाभर मुलांच्या हाती येतो. त्याच फोनमध्ये ताईच्या लग्नाची छायाचित्रे आहेत, बाजारभावाचे निरोप आहेत आणि वारलेल्या आजोबांनी नातवंडांसाठी म्हटलेला एक हरिपाठही आहे. खेळाचे संगीत बंद पडते. शेजारचा एखादा घाईचा शहाणा सांगतो, ‘‘सगळा फोन पुसून काढ आणि नव्याने सुरू कर.’’ मुले तसे करतात. संगीत परत येते आणि आजोबांचा आवाज कायमचा जातो. मग कळते की, खेळाच्या पहिल्याच पानावर संगीताची एक खूण होती. ती चुकून बंद झाली होती आणि एका बोटाने पुन्हा चालू करता आली असती. म्हणून जो उपाय केल्यावर मागे फिरता येते तो आधी करावा, आणि ज्यातून मागे फिरता येत नाही तो सर्वांत शेवटी. पुढे जे सांगावयाचे आहे ते याच क्रमाने.

प्रथम एक कोडे सोडवू. संगीत थांबले तरी खेळ थांबत नाही. पडद्यावरील गाडी धावतच असते, शत्रू उड्या मारीतच असतात. असे का व्हावे? चित्रपटात तर असे होत नाही. याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातील एका जुन्या गोष्टीत सापडते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लोकांसमोर आला. तो मूकपट होता. त्या काळी मूकपट चालू असताना पडद्याजवळ वादक बसत. कोणी हार्मोनियम वाजवी, कोणी तबला. पडद्यावर युद्ध दिसले की ठेका चढे, शोकाचा प्रसंग आला की सूर उतरे. चित्र एका यंत्रातून येई आणि संगीत माणसांच्या हातांतून. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे वादकाची नजर, एवढाच. पेटीवाला पाणी प्यावयास उठला तर संगीत थांबे. पण हरिश्चंद्र आपल्या वाटेने चालतच राही.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात ‘आलम आरा’ हा बोलपट प्रदर्शित झाला आणि पुढल्याच वर्षी कोल्हापूरच्या प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ मराठी बोलू लागला. चित्रपटगृहात दाखविल्या जाणाऱ्या बोलपटाच्या फितीवर चित्रांच्या कडेला ध्वनीची एक अरुंद पट्टी असे. चित्र आणि आवाज एकाच फितीवर बांधलेले असल्यामुळे फीत चालली की दोन्ही बरोबरच पुढे सरकत.

मोबाइलवरील खेळ दिसतो बोलपटासारखा. परंतु त्याची रचना मूकपटाच्या काळची आहे. याला कारणही तसेच आहे. चित्रपट किती मिनिटे चालणार हे आधीच ठरलेले असते. खेळाचे तसे नाही. एक मुलगा पहिली पायरी दोन मिनिटांत ओलांडील, दुसरा तेथेच अर्धा तास घालवील. तेव्हा संगीत चित्राला बांधून कसे ठेवणार? म्हणून ते वेगळे साठविलेले असते आणि खेळ त्यास हवे तेव्हा हाक मारतो: आता वाज, आता पुन्हा पहिल्यापासून वाज, आता हळू हो. १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इनव्हेडर्स’ नावाचा खेळ रचला. त्यात अवघे चार स्वर पुन्हा पुन्हा वाजत, आणि खेळ रंगात येऊ लागला की त्या स्वरांची गती वाढत जाई. खेळणाऱ्याच्या छातीत धडधड सुरू करावयास ते चार स्वर पुरेसे होते. पडद्याकडे पाहत ठेका चढविणाऱ्या जुन्या तबलजीचे काम येथे यंत्राने पत्करले, असे म्हणावयास हरकत नाही.

आता ही हाक दिल्यापासून संगीत आपल्या कानी पडेपर्यंत काय काय घडते ते पाहू. संगीत फोनमध्ये आकड्यांच्या रूपाने साठविलेले असते. ध्वनी म्हणजे हवेचे कंपन. त्या कंपनाची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजून तिचे आकडे लिहून ठेवले, की ध्वनी साठविला गेला. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीच्या तबकडीवर हे माप सेकंदास ४४,१०० वेळा, आणि तेही डाव्या व उजव्या कानासाठी निराळे घेतलेले असते. प्रत्येक मापास दोन बाइट जागा लागते. हिशेब केला तर एका मिनिटाच्या संगीतास १,०५,८४,००० बाइट लागतात. एवढी जागा खेळाला कोठून मिळणार? म्हणून कानास सहसा न जाणवणारे बारकावे गाळून ते आकडे दाबून बसवितात. एमपीथ्री ही अशीच एक रीत. तिच्या नेहमीच्या एका प्रमाणात तेच मिनिट ९,६०,००० बाइटांत, म्हणजे अकराव्या हिश्श्याच्या आसपास मावते. खेळ हे दाबलेले आकडे उलगडून फोनच्या मुख्य व्यवस्थेच्या हवाली करतो. ती व्यवस्था आवाज किती मोठा ठेवावा आणि कोठे पाठवावा हे ठरविते. शेवटी आकड्यांचे विजेच्या लाटांत रूपांतर होते आणि स्पीकरचा पातळ पडदा हलून हवा पुन्हा कंप पावू लागते.

ही झाली वाट. आता शेतकऱ्यासारखे तिच्या काठाने चालावयाचे. शेतकऱ्यापेक्षा येथे आपल्याला एक सोय अधिक आहे. आपण मधोमध उभे राहून दोन्ही बाजूंना एकदम पाहू शकतो. खेळ बाजूला ठेवून फोनमध्ये साठविलेले एखादे गाणे लावावे. ते नीट ऐकू आले, तर फोनची व्यवस्था, स्पीकर आणि आपला कान ही सारी वाट मोकळी आहे. खोट खेळाच्या बाजूला आहे. गाणेही ऐकू आले नाही, तर बिचाऱ्या खेळाला दोष देण्याचे कारण नाही. एका परीक्षेत अर्धी वाट तपासून झाली!

गाणे ऐकू येत नाही असे धरू. येथे पुष्कळांची फसगत आवाजाच्या बटणापाशी होते. फोनचा आवाज एकच नसतो. घंटी, गजर, समोरच्याचे बोलणे आणि गाणी-खेळ यांचे आवाज निरनिराळे असतात आणि ते स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतात. घंटी खणखणीत वाजते, एवढ्यावरून खेळाचा आवाजही चढलेला असेल असे समजू नये. बाजूचे बटण दाबल्यावर पडद्यावर जी पट्टी उमटते ती कोणाची, हे पाहूनच ती वर सरकवावी. आयफोनचा प्रकार आणखी निराळा आहे. त्याची घंटी नि:शब्द केली की पुष्कळ खेळही त्याबरोबर गप्प होतात. गाण्याचे ॲप मात्र गातच राहते. तेव्हा तेथे गाण्याची परीक्षा उतरली तरी ही एक गोष्ट वेगळी पाहून घ्यावी.

पट्टी वर असूनही शांतताच असेल, तर पाणी दुसऱ्याच्या शेतात चालले आहे काय ते पाहावे. ब्लूटूथ चालू असले आणि मामांचे कानातले यंत्र पलीकडच्या खोलीत उघडे पडलेले असले, तर फोन इमानेइतबारे सारे संगीत तिकडे पाठवीत असतो. ब्लूटूथ बंद करताच आवाज परत येतो. याचाच एक भाऊ म्हणजे तारेच्या इअरफोनचे भोक. त्यात कचरा अडकला, तर इअरफोन काढून घेतल्यावरही फोनला तो लावलेलाच वाटतो. अशा वेळी पडद्याच्या माथ्यावर इअरफोनचे लहानसे चिन्ह दिसत राहते. इअरफोन दोन-चार वेळा लावून काढल्याने ते बहुधा जाते.

इअरफोनची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. त्याची दांडी अर्धवट बसली, तर संगीत अगदी बंद न होता चमत्कारिक होते. ढोल लांबून ऐकू येतो, झांजा वाजतात, पण मुख्य सूर, गाणे असेल तर गाणारा मनुष्यच, नाहीसा होतो! दांडीवर तीन-चार कडी असतात. त्यांतील एक कडे डाव्या आणि उजव्या तारांना समाईक असते. त्याचा स्पर्श तुटला की दोन्ही कानांस दोन बाजूंच्या आवाजांतील फरक तेवढा मिळतो. गाणारा दोन्ही बाजूंना सारखाच भरलेला असतो. सारख्यातून सारखे वजा केले की शून्य उरते. गणिताच्या तासाला ज्यांचा जीव रमत नाही त्यांनी ही वजाबाकी एकदा कानांनी ऐकून पाहावी.

राहिला स्पीकर. कापूस वेचणीच्या दिवसांत आपल्या भागात खिशात, पिशवीत, सर्वत्र बारीक तंतू आणि धूळ असते. फोनच्या तळाशी असलेल्या स्पीकरच्या जाळीत ती बसते आणि आवाज दबून जातो. मऊ व कोरड्या कुंचल्याने जाळी हलकेच झाडावी. टाचणी किंवा सुई तेथे कदापि घालू नये; आतला पडदा फाटला की दुरुस्तीला पैसे पडतात. ओला बोळाही नको. इअरफोनमध्ये आवाज स्वच्छ येतो आणि स्पीकरमधून मुळीच येत नाही, अशी स्थिती झाडूनही राहिली, तर मात्र फोन दुरुस्त करणाऱ्याकडे जावे आणि हेच वाक्य त्यास सांगावे. त्याचे निम्मे काम होऊन जाते.

आता दुसरा पक्ष घेऊ. गाणी उत्तम वाजतात, पण खेळात संगीत नाही. अशा वेळी कान देऊन ऐकावे की, खेळातील बाकीचे आवाज येतात काय? नाणे उचलल्याची किणकिण, उडीचा आवाज, आपटल्याचा दणका? ते येत असतील तर केवळ संगीताचीच वाट अडली आहे. बहुतेक खेळांच्या सेटिंगमध्ये संगीत आणि इतर आवाज यांच्या दोन वेगळ्या खुणा असतात. संगीताची खूण बंद असणे हे सर्वांत साधे कारण. म्हणूनच कदाचित ते सर्वांत शेवटी सुचते.

खूण चालू आहे आणि संगीत काल वाजत होते, आज मध्येच थांबले, असे असेल तर आठवून पाहावे की, थांबण्यापूर्वी काय घडले? बहुधा फोन आलेला असतो. एका फोनमध्ये अनेक ॲप असतात. सर्व एकदम वाजू लागली तर आठवडी बाजाराचा गोंगाट होईल. म्हणून ध्वनीचा ताबा मागून घेण्याची पद्धत आहे. फोन आला की ताबा संभाषणाकडे जातो आणि खेळास गप्प होण्याची सूचना मिळते. संभाषण संपल्यावर ताबा परत मिळतो आणि खेळाने संगीत पुन्हा सुरू करावयाचे असते. काही खेळ बनविणारे पहिली सूचना पाळण्याची व्यवस्था करतात आणि दुसरी विसरतात. घोषणा करावयाची म्हणून पेटीवाल्यास थांबविले, आणि घोषणा संपल्यावर ‘वाजवा’ म्हणून कोणी सांगितलेच नाही, तसा हा प्रकार. उपाय सोपा आहे. खेळ पूर्णपणे बंद करून पुन्हा उघडावा. नुसता पडद्याआड सारला तर तो जेथल्या तेथे राहतो. चालू ॲपच्या यादीतून त्यास काढून टाकावे. मात्र त्याआधी आपली प्रगती जतन झाली आहे ना, तेवढे पाहावे. त्याने न भागल्यास फोन बंद करून चालू करावा. या दोहोंनी फोनमध्ये साठविलेले काही पुसले जात नाही.

कधी खेळ जाणूनबुजूनही गप्प बसतो. खेळ उघडताना फोनवर एखादे गाणे आधीच चालू असेल, तर कित्येक खेळ आपले संगीत मागे घेतात. ऐकणाऱ्याची आवड मोडू नये हा त्यांचा हेतू. हा मला सभ्यपणा वाटतो, बिघाड नव्हे. ब्राउझरमध्ये चालणारे खेळ पडद्यास एकदा बोट लावल्यावाचून वाजत नाहीत, तेही असेच. न विचारता कोणत्याही पानाने गोंगाट सुरू करू नये म्हणून ब्राउझरांनीच तसा नियम केला आहे.

काही खेळ आरंभी थोडेच सामान घेऊन येतात आणि संगीत, नवी चित्रे वगैरे मागाहून उतरवून घेतात. मध्येच इंटरनेट तुटले, किंवा फोनमध्ये जागाच उरली नाही, तर चित्रे येतात पण संगीत येत नाही. एका मिनिटास किती बाइट लागतात ते आपण वर पाहिलेच. अशा वेळी फोनमधील जागा तपासावी, नको असलेल्या गोष्टी वडिलांना किंवा आईला विचारून काढाव्यात आणि अपुरे राहिलेले सामान पुरते उतरू द्यावे.

संगीत बंद न पडता अडखळत असेल, तर फोनला हात लावून पाहावा. वैशाखात विदर्भाचे ऊन कसे असते हे येथे कोणास सांगावयास नको. फोन फार तापला की तो आपल्या अंगाचे काम आपणच मंदावतो. दाबलेले आकडे उलगडण्यास उशीर झाला की स्वरांच्या मध्ये खंड पडतो. सावलीत घटकाभर निजवून ठेवला म्हणजे तो ताळ्यावर येतो. थंड करण्यासाठी ओल्या कापडात गुंडाळू नये, हे सांगावयास नको.

इतके करूनही संगीत आले नाही, तर शेवटच्या उपायांची पाळी येते, आणि येथे शब्द नीट वाचून बोट लावावे. खेळाची ‘कॅश’ काढून टाकल्याने तात्पुरती साठवण तेवढी जाते. ती पुन्हा तयार होते. खेळाचा ‘डेटा’ काढून टाकल्याने मात्र तुम्ही जिंकलेल्या पायऱ्या जातात, आणि त्या दूरच्या एखाद्या खात्यात जतन केलेल्या नसतील तर परत येत नाहीत. हे दोन शब्द सेटिंगच्या पानावर अगदी शेजारी शेजारी बसलेले असतात! खेळ काढून पुन्हा बसविणे हेही दुसऱ्याच प्रकारात मोडते. सगळा फोन पुसून काढण्याचे प्रयोजन खेळातील संगीतासाठी मला तरी दिसत नाही. आजोबांच्या हरिपाठाची एक प्रत मात्र आजच दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर काढून ठेवावी. फोन पुसण्यावाचूनही हरवतो, विहिरीत पडतो.

एक दोष असा आहे, की ज्याचा उपाय आपल्या हाती मुळीच नाही. संगीत नीट वाजते, पण दर दीड-दोन मिनिटांनी क्षणभर तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एमपीथ्रीच्या रीतीने आकडे दाबताना संगीताच्या आरंभी आणि अखेरीस निःशब्द आकड्यांची थोडी भर पडते. एकच गाणे ऐकताना ती कळत नाही. तेच संगीत गोलाकार फिरू लागले की सांध्याशी खटकते. म्हणून जाणते खेळकर्ते अशा फिरत्या संगीतासाठी ऑग व्हॉर्बिससारखी दुसरी रीत वापरतात. तुमच्या खेळात हा सांधा खटकत असेल, तर खेळ बनविणाऱ्यांस चार ओळी लिहाव्या. नुसते ‘संगीत बिघडले आहे’ असे लिहिले तर त्यांस काही उमगत नाही. फोन कोणता, खेळाची आवृत्ती कोणती, संगीत किती वेळाने तुटते, फोन आल्यानंतर तुटते की एरवीही, इअरफोनवर तसेच होते काय, एवढे लिहावे. असे पत्र मोताळ्याहून गेले काय किंवा टोकियोहून गेले काय, वाचणाऱ्यास तोच दोष आपल्या खोलीत बसून पुन्हा घडवून पाहता येतो, आणि पुढच्या आवृत्तीत तो सांधा तो बुजवू शकतो.